अंगणात तरवड, वाफ्यात कुर्डू

पावसाळ्यात कुणी उत्तराखंडातली फुलांची दरी पाहून आलं, की हैदराबादला परतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं एखादं फूल आपल्या बागेत येईल का? येणार नाही. उंच पहाडातली ही झाडं वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली झोपून काढतात. ती थंडी मिळाली नाही तर त्यांतल्या बऱ्याच झाडांचं बी रुजतच नाही, आणि रुजलं तरी आपल्या मे महिन्यातल्या रात्री रोपांना सोसत नाहीत. दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा त्यांना जास्त मारतो. गच्चीगच्चीवर रात्री फुलणारं आपलं ‘ब्रह्मकमळ’ तर मुळात मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ साडेतीन हजार मीटरच्या वर राहतं, आणि तिथून खाली यायला ते तयार नसतं.

खडकात, उघड्या उन्हावाऱ्यात, कुणी न लावता येणाऱ्या फुलाचीच हौस असेल तर मात्र एवढ्या लांब जायचं कारण नाही. हैदराबाद ज्या ग्रॅनाइटवर बसलं आहे तो सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. पहाडी फुलांसाठी युरोपातले हौशी लोक अंगणात मुद्दाम दगड रचतात, खडी पसरतात. आपल्याकडे घराचा पाया खणायचा तर आधी दगड फोडावा लागतो. या दगडांच्या फटीत साठलेल्या मुरमात आणि त्याच्या आसपासच्या लाल जमिनीत येणारी दोन झाडं घरच्या बागेत आणण्यासारखी आहेत: तरवड आणि कुर्डू. इथल्या बाजारात मागताना म्हणायचं तंगेडू आणि गुनुगु.

ही दोनच का, याचं उत्तर नवरात्रात मिळतं. सर्वपित्री अमावास्येपासून अष्टमीपर्यंत तेलंगणात बतुकम्मा चालते. ताटात भोपळ्याची पानं पसरून त्यावर फुलांचे थर गोल रचत नेतात, वर निमुळता होत गेलेला शेंडा, शेंड्यावर हळदीची गौरम्मा. त्या थरांतली मुख्य फुलं म्हणजे पिवळी तंगेडू आणि पांढरी-गुलाबी गुनुगु. झेंडू, शेवंती हवी तेवढी विकत मिळते. पण तंगेडू-गुनुगुशिवाय बतुकम्मा म्हणजे आमच्या शेजारणींच्या मते नुसती सजावट. तिकडे मराठवाड्यात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते ती याच दिवसांत. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या जुन्या मराठी घरांना हे फूल कुणी नव्यानं ओळखून द्यायला नको. संध्याकाळी एका वाड्यात भोंडला आणि पलीकडच्या गल्लीत बतुकम्मा, आणि दोन्हीकडच्या बायका सकाळी फुलं शोधत फिरताहेत, हे दृश्य त्यांच्या परिचयाचं आहे. तेलंगण राज्य २ जून २०१४ ला झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तंगेडू राज्यफूल ठरलं. राज्यफूल झालं म्हणून ते वाढलं असं मात्र नाही. शहराभोवतीच्या माळांवर प्लॉट पडले, शेतात तणनाशक आलं, आणि जे फूल फुकटात ओंजळभर मिळायचं ते आता गुडीमल्कापूरच्या फूलबाजारात पेंडीनं विकत घ्यावं लागतं.

म्हणून घरीच लावायचं. आणि लावताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: ही दोन्ही झाडं उपाशी वाढलेली बरी. बागेतली तरवडाची जी रोपं मरतात, त्यांतली बहुतेक जास्त पाण्यानं आणि जास्त खतानं मरतात.

आधी ओळख नीट करून घ्या, कारण पिवळ्या फुलांच्या बाबतीत फसगत फार होते. नर्सरीत नुसतं ‘कॅसिया’ म्हणालात तर तुमच्या हाती कुठलंही पिवळ्या फुलांचं झाड येऊ शकतं. रस्त्यांच्या दुभाजकावर दिसणारा टेकोमा तर अगदीच वेगळा; त्याचं फूल भोंग्यासारखं असतं. पावसाळी तण म्हणून येणारा टाकळा आणि कासविंदा हे तरवडाचे भाऊबंद, पण त्यांची पानं वेगळी. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या जेमतेम तीन जोड्या असतात. तरवडाला साधारण आठ ते बारा. तरीही शंका राहिली तर पानाचा देठ फांदीला जिथे जोडला आहे तिथे पाहा. तरवडाला तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर, हिरवी उपपर्णं असतात, आणि ती गळून न जाता टिकतात. लिनियसनं या झाडाच्या शास्त्रीय नावात ‘कानवालं’ अशा अर्थाचा शब्द घातला तो यावरूनच. ही खूण रोप वीतभर असतानाही दिसते, त्यामुळे नर्सरीवाल्याशी वाद घालायला ती पुरते.

रोप मिळालं नाही तर बी. खरं सांगायचं तर बीच बरं, कारण तरवड मुळाच्या बाबतीत हट्टी आहे. त्याचं सोटमूळ पानांच्या कितीतरी आधी खाली धावतं, आणि पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही. असं झाड वर्षभर तग धरतं आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात बसतं. फांदी खोचून रोप करू म्हणाल तर त्यावरही विसंबू नका.

शेंगा हिवाळ्यात पिकतात. बोटभर लांब, चपट्या, कागदासारख्या पातळ. तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळल्या की तोडायच्या. त्यासाठी रस्त्याकडेचं, बांधावरचं झुडूप शोधा, मालक असेल तर त्याला विचारा, आणि झाडावरच्या निम्म्याहून जास्त शेंगा तिथेच राहू द्या. जुबिली हिल्सचं कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान किंवा चिलकूरजवळचं मृगवनी, इथे तरवड पाहायला जरूर जा, पण पिशवी घेऊन जाऊ नका. ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथली काडीही उचलता येत नाही. माळावरचं वाढलेलं झुडूप मुळासकट उपटून आणण्याचा मोह तर कुठेच नको. सोटमूळ तुटतं आणि माळावरचंही जातं, घरचंही जगत नाही.

शेंगा फोडल्यावर भोक पडलेलं बी बाजूला काढा. त्यात भुंगेरा शिरलेला असतो, आणि तो बरणीतल्या बाकीच्या बियांतही जातो. चांगलं बी राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवलं की जूनपर्यंत निर्धास्त.

आता बी फोडणं. तरवडाच्या बियांची साल इतकी टणक असते की नुसतं पेरलं तर त्यातलं थोडंच यंदा उगवेल, बाकीचं कधी उगवेल त्याचा नेम नाही. माळावर हे झाडाच्या फायद्याचं आहे, एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी सगळी पिढी बुडत नाही. आपल्याला मात्र यंदाच रोप हवं असतं. त्यासाठी सुताराकडचा पॉलिशपेपर घ्या आणि प्रत्येक बी एका कडेनं, जिथे ते शेंगेला चिकटलेलं होतं ती टोकाची जागा सोडून, आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासा. बिया जास्त असतील तर पाणी उकळून खाली उतरवा, उकळी थांबली की त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पेरायचं. जे तसंच खड्यासारखं राहिलं असेल त्याला पुन्हा तीच आंघोळ. उकळत्या पाण्यात टाकून गॅस चालू ठेवू नका, मग ती उसळ होते.

जागा निवडताना ऊन हा पहिला निकष. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळणार असेल तर तरवड लावण्याचा विचार सोडा; ते वाढेल, पण सावलीत लांबट फांद्या टाकेल आणि फूल येणार नाही. कंपाउंडच्या भिंतीपासून दीड मीटर तरी आत घ्या, कारण झुडूप पुरुषभर उंच आणि जवळजवळ तितकंच रुंद होतं. मग जमीन तपासा. फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानं भरा. तासा-दोन तासांत पाणी जिरलं तर जागा पसंत. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर खाली अखंड दगड आहे किंवा काळी चिकण माती आहे, आणि तिथे खड्ड्यात झाड लावणं म्हणजे ते डबक्यात बुडवणं. अशा ठिकाणी जमिनीच्या वर दीड फुटाचा उंचवटा करा: लाल माती, मुरूम आणि जाड वाळू, सारख्या भागानं. इथल्या लोकांना हलक्या लाल जमिनीसाठी ‘चल्का’ हा शब्द आहे. मातीवाल्याला तोच सांगा, म्हणजे तो काळी ‘रेगडी’ आणून टाकणार नाही. नवीन बांधकामाच्या कडेला विटांचे तुकडे, चुन्याचा राडारोडा मिसळलेली जमीन असते, तिची तरवडाला अडचण नाही. ते खारवट, चुनखडीच्या जमिनीतही येतं. बंधाऱ्यांच्या आणि रस्त्यांच्या उतारावर माती धरून ठेवायला ते पूर्वीपासून लावतात. गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, हेही त्याचं एक कारण.

मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की, म्हणजे हैदराबादेत साधारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ठरलेल्या जागीच दोन-तीन बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टोचा. एक-दोन आठवड्यांत उगवतात. सगळ्यांत जोमदार रोप ठेवून बाकीची जमिनीलगत कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. पिशवीतच करायचं असेल तर फेब्रुवारीत, लांब अरुंद पिशवीत, आणि जूनमध्ये पिशवी चिरून मातीचा गोळा न फोडता जमिनीत. खड्ड्यात शेणखत एक-दोन ओंजळी पुरे. युरिया अजिबात नको; नत्र जास्त झालं की पानं पोसतात आणि फुलं रुसतात. तरवड शेंगांच्या कुळातलं, म्हणून ते हवेतलं नत्र मुळांच्या गाठीत साठवेल आणि शेजारच्या भाजीला देईल, अशी आशा काही जण धरतात. या गणातल्या झाडांच्या मुळांवर सहसा तशा गाठी येत नाहीत.

पाणी फक्त पहिल्या वर्षी. पावसाळ्यात निसर्ग देतो तेवढं, हिवाळ्यात पंधरा दिवसांतून, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण जिरेपर्यंत. रोज पेलाभर पाणी घालण्यानं मुळं वरच्या वर राहतात. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाचं पाणी बंद केलंत तरी चालतं. ठिबकची नळी गुलाबासाठी टाकलेली असेल तर तिचं तोंड तरवडापासून दूर ठेवा.

फूल बहुधा दुसऱ्या वर्षी येतं. यंदा पेरून यंदाच्याच घटाला माळ मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. नवीन फांदीच्या शेंड्याला फुलांचे घोस येतात, त्यामुळे छाटणी कधी करता यावर सगळं अवलंबून आहे. मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर, वरचा तिसरा हिस्सा छाटा. पावसात फुटवे फुटतात आणि भाद्रपद-आश्विनात ते फुलावर येतात. ऑगस्टमध्ये छाटलंत तर नवरात्रात नुसती कोवळी पानं मिळतील.

झाड फुलावर आलं की सकाळी दहा मिनिटं त्याच्यापाशी उभं राहा. फुलाच्या मधोमध दहा पुंकेसर असतात. वरचे तीन नुसते नावाला, खालचे काही लांब आणि वाकडे. या पुंकेसरांना टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं आणि पराग आत कोंडलेला असतो. मध तर या फुलात नसतोच. काळा लाकडी भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो, पंख थांबवतो आणि अंग थरथरवतो. त्या क्षणी त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो, आणि छिद्रातून परागाची पिवळी धूळ त्याच्या पोटावर उडते. ही युक्ती साध्या मधमाशीला जमत नाही. म्हणून भुंगा दिसला की चप्पल काढणाऱ्यांना आवरा. तो गेला तर शेंगाही धरणार नाहीत. पानाच्या दांड्यावर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये उभ्या बारीक ग्रंथी दिसतील, त्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यावर येतात. मुंग्या म्हणजे कीड नव्हे, त्यांच्यासाठी पावडर टाकायची गरज नाही.

हिरव्या अळ्या दिसल्या तरी लगेच फवारणीचा पंप काढू नका. तरवडासारख्या झाडांवर पिवळसर-पांढरी भटकी फुलपाखरं अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या पानं खातात. मोठं झाड ते सहज सोसतं. रोप लहान असेल तर अळ्या हातानं उचलून मोठ्या झुडपावर ठेवा. पिठ्या ढेकूण मात्र घालवलाच पाहिजे. जोरदार पाण्याचा फवारा, तेवढ्यानं नाही भागलं तर सौम्य साबणाचं पाणी. याच झाडावरून तुम्हाला माळ करायची आहे आणि शेजारीण मुलांना घेऊन फुलं तोडणार आहे, तेव्हा विषारी औषध नकोच.

तरवडाच्या फुलांचा चहा, सालीचा काढा, मधुमेहावर अमुक तमुक, हे सगळं तुमच्या फोनवर येऊन पोचलेलं असणार. सालीत टॅनिन भरपूर असतं, कातडी कमावायला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पोटात घालण्याआधी निदान एवढं आठवा आणि वैद्याला विचारा.

कुर्डूचं काम सोपं आहे, फक्त ते वेळेवर करावं लागतं. बी खसखशीइतकं बारीक, काळं, चकचकीत. ते विकत आणायची गरज नाही. यंदाच्या नवरात्रात गुडीमल्कापूरला किंवा कोपऱ्यावरच्या टोपलीवालीकडे गुनुगुची पेंडी घ्या, न रंगवलेली. बतुकम्मासाठी बरेचदा ती गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवून विकतात. कुर्डूचं कणीस खालून वर फुलत जातं. शेंड्याला गुलाबी छटा असते तेव्हा खालची फुलं पांढरी पडून त्यात बी तयार झालेलं असतं. पेंडी कागदी पिशवीत उलटी टांगून ठेवा. आठवड्याभरात तळाशी चिमूटभर बी जमेल, आणि चिमूट एका वाफ्याला पुष्कळ झाली.

जूनमध्ये वाफा भुसभुशीत करून बी वाळूत मिसळून विस्कटायचं आणि वरून हात फिरवायचा. मातीखाली गाडायचं नाही. रोपं चार-सहा पानांची झाली की विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. काढलेल्या कोवळ्या रोपांची लसूण-मिरचीवर परतून भाजी होते. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात ती आवडीनं खातात, तेव्हा विरळणीला घरात कुणी नाही म्हणणार नाही. उरलेली रोपं हातभर झाल्यावर शेंडा खुडा, म्हणजे एका दांड्याऐवजी पाच-सहा कणसं मिळतील. खत नको; खतावर वाढलेला कुर्डू डोक्याएवढा होतो आणि परतीच्या पावसात आडवा पडतो.

पेरणीपासून कणसं यायला साधारण दोन-अडीच महिने लागतात, आणि इथे पंचांग आडवं येतं. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती ११ ऑक्टोबरला, जवळजवळ तीन आठवडे पुढे. झाडाला अधिक महिना कळत नाही. म्हणून अर्धं बी जूनच्या मध्यावर आणि अर्धं जुलैच्या मध्यावर पेरा. नवरात्र लवकर आलं तर पहिला वाफा कामाला येतो, उशिरा आलं तर दुसरा. तोडलेली कणसं कागदासारखी कोरडी असतात, पाण्याशिवायही सुकत नाहीत. दोन-तीन दिवस आधी तोडून ठेवली तरी बतुकम्मात ताजीच दिसतात. तरवडाचं तसं नाही. ती फुलं त्याच सकाळी, ऊन चढण्याआधी, देठासकट तोडून ओल्या कापडात गुंडाळा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुर्डू नऊ-दहा इंची कुंडीत बिनधास्त लावावा. तरवडाला मात्र अर्धा ड्रम किंवा निदान अठरा इंची खोल कुंडी हवी, तळाला मोठी भोकं आणि खाली बशी नको. कुंडीतलं झाड दरवर्षी निम्मं छाटून आटोपशीर ठेवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या फरशीवर कुंडी इतकी तापते की मुळं आतून भाजतात. तेवढे दोन महिने कुंडीभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा आणि पाणी संध्याकाळी द्या. कुंडीतल्या तरवडाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही उन्हाळ्यात पाणी लागतंच.

दसरा झाला की निर्माल्य खताच्या डब्यात टाकण्याआधी त्यातली कुर्डूची कणसं वेगळी काढा. घरगुती खताचा डबा इतका तापत नाही की ते बी मरावं. एकदा ते खतात गेलं की पुढच्या मृगात गुलाबाच्या, कढीपत्त्याच्या, तुळशीच्या, सगळ्या कुंड्यांत कुर्डू उगवतो, आणि भाजी कितीही चांगली झाली तरी रोज कोण खाणार?